३.३ व्होल्टचा बीएमई२८० आणि ५ व्होल्टचा ऊनो: शिफ्टर लावला की सेन्सर दिसेनासा होतो

चाळीचा_पहारा

नमस्कार मंडळी. कांदाचाळीत दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवायची आहे. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर किती वेळ राहते हे कळलं, की पंखा कधी सुरू करायचा ते ठरवता येईल.

सामान असं आहे: आर्डुइनो ऊनो आर३, म्हणजे ५ व्होल्टवर चालणारा एटीमेगा३२८पी. सेन्सर बीएमई२८०, जांभळी छोटी पट्टी, सहा पिना: व्हीसीसी (पुरवठा), जीएनडी (जमीन), एससीएल (क्लॉक), एसडीए (डेटा), सीएसबी (चिप सिलेक्ट), एसडीओ (पत्ता निवड). पट्टीवर तीन पायांचं काहीच नाही, म्हणजे रेग्युलेटर नाही, फक्त कपॅसिटर आणि १०३ (१० किलोओहम, म्हणजे १० के) लिहिलेले रेझिस्टर. सीएसबी आणि एसडीओ सध्या मोकळ्याच आहेत.

तीन प्रकारे जोडून पाहिलं.

पहिला: सेन्सरला ऊनोच्या ३.३ च्या पिनवरून पुरवठा, एसडीए सरळ ए४ ला, एससीएल सरळ ए५ ला, वीतभर जंपर. आयटूसीच्या (एसडीए-एससीएल या दोन तारांवरच्या) संवादात कोणता पत्ता उत्तर देतो ते शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रामला हेक्स ७६ सापडतो, आकडे नीट येतात.

दुसरा: मध्ये चार चॅनेलचा बीएसएस१३८ शिफ्टर, म्हणजे ५ आणि ३.३ व्होल्टचे सिग्नल जुळवणारा मॉड्यूल. एचव्हीला (जास्त व्होल्टेजच्या बाजूला) ५ व्होल्ट, जीएनडी दोन्हीकडे एकच. एलव्हीच्या (कमी व्होल्टेजच्या बाजूच्या) पिनवर मीटर लावलं तर तिथे आपोआप ३.३ दिसतात, म्हणून तिथे वेगळी तार दिली नाही. स्कॅनर म्हणतो काहीच नाही.

तिसरा: पहिल्यासारखंच सरळ, पण ४ मीटर लॅन केबल. चालतं, आणि दोन-तीन तासांत प्रोग्राम जागीच अडकतो. रीसेट केल्याशिवाय हलत नाही.

प्रश्न: पहिल्या प्रकारात सेन्सरला धोका आहे का? शिफ्टर का चालत नाही? शिफ्टरऐवजी १ के आणि २ के चा व्होल्टेज डिव्हायडर (दोन रेझिस्टरनी व्होल्टेज कमी करणारी जोडी) लावला तर? शिवाय टीएक्सएस०१०८ई चा आठ चॅनेलचा मॉड्यूलही हाताशी आहे, तो बरा का?

---

ओहमचा_नियम

शिफ्टरपासून सुरू करतो, कारण चूक तिथे आहे आणि ती सहज फसवणारी आहे. एलव्हीला दिसणारे ३.३ व्होल्ट खरे नाहीत. ते सेन्सरच्या पट्टीवरच्या १० के पुल-अपमधून (तारेला पुरवठ्याकडे ओढणाऱ्या रेझिस्टरमधून) तारेवर येतात, आणि तारेवरून शिफ्टरच्या १० के मधून उलटे एलव्हीच्या पिनवर चढतात. बस (एसडीए-एससीएलच्या तारा) रिकामी असताना मीटरला काहीच वावगं दिसत नाही. बस चालू झाली की हा पुरवठा कोसळतो.

आत काय होतं ते पाहा. या मॉड्यूलवर प्रत्येक चॅनेलला एक बीएसएस१३८ मॉसफेट (विजेचा स्विच) असतो: गेट एलव्हीला, सोर्स सेन्सरच्या तारेला, ड्रेन ५ व्होल्टच्या तारेला, आणि दोन्ही तारांना आपापल्या पुरवठ्याकडे १० के. रिकाम्या वेळी गेट ३.३ वर, सोर्स ३.३ वर, म्हणजे फरक शून्य आणि मॉसफेट बंद. दोन्ही तारा आपापल्या पुरवठ्यावर उभ्या असतात. सेन्सरने तार खाली ओढली की सोर्स शून्यावर येतो, गेट ३.३ वरच राहतो, मॉसफेट चालू होतो आणि ५ व्होल्टची तारही खाली येते. ऊनोने खाली ओढली तर आधी मॉसफेटच्या अंगातला डायोड सोर्सला साधारण ०.६ ते ०.७ पर्यंत खेचतो, तेवढ्यात गेट आणि सोर्समधला फरक पुरेसा होतो आणि मॉसफेट पूर्ण चालू होतो. ही मांडणी फिलिप्सने १९९७ च्या एएन९७०५५ या टिपणात आयटूसीसाठी दिली. एका मॉसफेटमध्ये दोन्ही दिशा सांभाळणारी ही रचना मला आजही फार देखणी वाटते.

पण सगळा खेळ गेट ३.३ वर ठाम राहण्यावर आहे. तुमच्याकडे एलव्ही मोकळा आहे. सेन्सर अ‍ॅक (पोच) द्यायला एसडीए खाली ओढतो, तेव्हा एलव्हीची पिन एका बाजूने १० के मधून शून्याला आणि दुसऱ्या बाजूने एससीएलच्या तारेवरून एकूण २० के मधून ३.३ ला बांधलेली असते. एलव्हीवर उरतात साधारण १.१ व्होल्ट. बीएसएस१३८ चा थ्रेशोल्ड (चालू होण्याचा उंबरठा) ०.८ ते १.५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणजे मॉसफेट धड चालू नाही, धड बंद नाही. त्यात एससीएलही खाली असेल तर एलव्ही शून्यावरच येतो. ऊनोचं बोलणं अंगच्या डायोडमधून कसंबसं सेन्सरपर्यंत पोचतं, पण सेन्सरचं उत्तर परत येत नाही. स्कॅनर फक्त अ‍ॅक शोधतो, म्हणून त्याला काहीच सापडत नाही.

उपाय एका तारेचा आहे: ऊनोच्या ३.३ वरून एलव्हीला जंपर द्या. जोडताना या क्रमाने:

१. यूएसबी काढा. आधी सगळे जीएनडी एकत्र.
२. ऊनोचे ३.३ व्होल्ट सेन्सरच्या व्हीसीसीला आणि शिफ्टरच्या एलव्हीला.
३. ऊनोचे ५ व्होल्ट एचव्हीला.
४. ए४ एचव्ही१ ला, ए५ एचव्ही२ ला. समोरच्या एलव्ही१ वरून एसडीए, एलव्ही२ वरून एससीएल.
५. सीएसबी ३.३ ला, एसडीओ जीएनडीला.
६. यूएसबी लावण्याआधी पट्टीवरची अक्षरं पुन्हा वाचा. एचव्ही आणि एलव्ही उलटे झाले तर सेन्सरच्या तारांना १० के मधून थेट ५ व्होल्ट लागतात.

सीएसबीकडे दुर्लक्ष करू नका. पुरवठा आल्यानंतर ती पिन एकदा जरी खाली गेली तरी बीएमई२८० एसपीआयमध्ये, म्हणजे बोलण्याच्या दुसऱ्या पद्धतीत, जातो आणि पुरवठा बंद करून पुन्हा देईपर्यंत आयटूसीला उत्तर देत नाही. बऱ्याच पट्ट्यांवर तिला पुल-अप असतो, तरी तार देणं स्वस्त आहे. फक्त ती ३.३ ला द्यायची, ५ ला कधीच नाही. एसडीओ जीएनडीला असेल तर पत्ता हेक्स ७६, ३.३ ला असेल तर ७७.

डिव्हायडर आयटूसीला चालणार नाही. तो एकाच दिशेचा असतो, आणि आयटूसीच्या तारेवर दोघेही बोलतात. आकड्यांत पाहा: ऊनोकडे ४.७ के चा पुल-अप आणि त्याखाली १ के अधिक २ के जमिनीला. रिकाम्या बसवर ऊनोला दिसतात ५ गुणिले ३ भागिले ७.७, म्हणजे १.९५ व्होल्ट. हा कधीच हाय होत नाही.

---

सरळ_जोडणी

शिफ्टरची खरंच गरज आहे का? आयटूसी ओपन ड्रेन आहे. ऊनो तार फक्त खाली ओढतो, वर ढकलत नाही. पुल-अप ३.३ ला आहेत, मग तारेवर ५ व्होल्ट येणार कुठून? असंख्य लोक असंच सरळ जोडतात आणि वर्षानुवर्षं चालतं.

---

मीटरवाली

@सरळ_जोडणी, तत्त्व बरोबर आहे. पण तारेवर ५ व्होल्ट येण्याची एक वाट उरते आणि ती प्रोग्राममधून उघडते. आर्डुइनोची वायर लायब्ररी वायर.बिगिन() मध्ये ए४ आणि ए५ चे आतले पुल-अप चालू करते. ते ५ व्होल्टला असतात, आणि डेटाशीटप्रमाणे त्यांची किंमत २० ते ५० के. पट्टीवरचा १० के ३.३ कडे ओढतो आणि आतला ५ कडे. आतला ३५ के धरला तर तार उभी राहते ३.६८ व्होल्टवर. तो २० के निघाला तर ३.८७ वर, ५० के निघाला तर ३.५८ वर.

बीएमई२८० ची कमाल मर्यादा कोणत्याही इंटरफेस पिनवर व्हीडीडीआयओ (पिनांचा पुरवठा) अधिक ०.३, म्हणजे इथे ३.६ व्होल्ट. थोडक्यात, सरळ जोडणी मर्यादेच्या किंचित वर चालते. जळत का नाही? कारण आतल्या पुल-अपमधून येणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये आहे, आणि सेन्सरचे संरक्षक डायोड तेवढा सहज पचवतात. पण ते डायोड स्थिर विजेच्या झटक्यासाठी असतात, रोजच्या कामासाठी नाहीत.

दुसरी बाजू ऊनोची. एटीमेगा३२८पी आयटूसीच्या पिनांवर हाय मानण्यासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट मागतो, म्हणजे ३.५ व्होल्ट. आतले पुल-अप बंद केले तर तारेवर ३.३, म्हणजे कागदावर ०.२ कमी. प्रत्यक्षात चिपचा उंबरठा अडीच व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून टेबलावर चालतं. उरलेलं अंतर गोंगाट पचवण्यासाठी होतं, तेच आपण खर्च केलेलं असतं.

म्हणून माझं मत असं: वीतभर तार, एकच सेन्सर, प्रयोगाचं काम असेल तर सरळ जोडा, पण आतले पुल-अप बंद करून. त्यासाठी बिगिननंतर ए४ आणि ए५ ला डिजिटलराइटने लो लिहायचं. सेन्सरच्या लायब्ररीचं बिगिन बहुधा आतून वायर.बिगिन() पुन्हा बोलावतं, म्हणून हे त्याच्याही नंतर करावं लागतं, नाहीतर पुल-अप परत चालू होतात. चाळीत ४ मीटर तार टाकून महिनोन्‌महिने चालवायचं असेल तर शिफ्टरच.

@चाळीचा_पहारा, सरळ आणि शिफ्टरसह, दोन्ही प्रकारांत बस रिकामी असताना एसडीए आणि एससीएलचे व्होल्ट मोजून इथे टाका. आणि सेन्सरचं रजिस्टर हेक्स डी० वाचा. उत्तर ६० आलं तर बीएमई२८०. ५८ आलं तर तो बीएमपी२८० आहे, त्यात आर्द्रता मोजणारा भागच नसतो. पट्टीवर दोन्ही नावं छापलेली असतात, बाहेरून चटकन ओळखू येत नाही.

---

चाळीचा_पहारा

खूप आभार. एलव्हीला ३.३ ची तार दिली आणि पहिल्याच स्कॅनला हेक्स ७६ आला. सीएसबी, एसडीओ बांधले. डी० मधून ६० येतं.

व्होल्ट असे:
सरळ जोडणी, आतले पुल-अप चालू: दोन्ही तारा ३.६७.
सरळ जोडणी, आतले पुल-अप बंद: ३.३०.
शिफ्टरसह: सेन्सरकडे ३.३०, ऊनोकडे ४.९८.

आता ४ मीटरचं काय करू? शिफ्टर ऊनोजवळ ठेवून पुढे केबल टाकली तर १०० किलोहर्ट्झवर दर काही वाचनांमागे एक चुकतं. वेग कमी करू की पुल-अप बदलू? आणि शिफ्टर ऊनोजवळ असावा की सेन्सरजवळ?

---

ओहमचा_नियम

३.६७ वरून तुमचा आतला पुल-अप ३६ के च्या आसपास निघतो.

केबलचा प्रश्न कपॅसिटन्सचा, म्हणजे तारांमध्ये साठणाऱ्या विजेचा आहे. तार खाली येते ती मॉसफेटच्या जोरावर, झटकन. वर जाते ती फक्त पुल-अपच्या जोरावर, आणि पुल-अपला आधी केबलचा कपॅसिटन्स भरावा लागतो. आयटूसीत वर चढायचा वेळ ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत मोजतात आणि तो ०.८५ गुणिले आर गुणिले सी येतो. लॅन केबलच्या एका जोडीत मीटरला साधारण ५० पिकोफॅरड. ४ मीटरचे २००, वर पिना, पट्ट्या आणि ब्रेडबोर्डचे ५० धरा, म्हणजे २५०. १० के पुल-अपला वेळ लागतो २.१ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झला परवानगी आहे १ मायक्रोसेकंदाची. तुमच्याकडे शिफ्टरनंतर सेन्सरच्या बाजूला १० के शिफ्टरचा आणि १० के पट्टीचा, म्हणजे समांतर ५ के. वेळ १.०६. अगदी काठावर, आणि वाचनंही तशीच काठावरची येत आहेत.

शिफ्टर सेन्सरजवळ ठेवा. लांब तार ५ व्होल्टवर चालू दे: १.५ च्या खाली लो आणि ३.५ च्या वर हाय, दोन्हीकडे दीड-दीड व्होल्टची मोकळी जागा मिळते. मोटरच्या पंख्याशेजारी तिची गरज पडते. केबलमधून ५ व्होल्ट आणि जीएनडी न्या, टोकाला छोटा रेग्युलेटर लावून ३.३ तिथेच करा. एमसीपी१७००-३३०२ चांगला आहे: आत आणि बाहेर प्रत्येकी १ मायक्रोफॅरड सिरॅमिक, अगदी पायांजवळ. त्याला ६ व्होल्टच्या वर देऊ नका. तो ३.३ सेन्सरला आणि शिफ्टरच्या एलव्हीला, दोघांना एकच.

आता ५ व्होल्टच्या बाजूला पुल-अप किती? कमी ओहम घेतले तर तार लवकर चढते, पण खाली ओढणाऱ्याला जास्त प्रवाह गिळावा लागतो. बीएमई२८० कडून ३ मिलिअँपिअरपर्यंतची अपेक्षा धरा, त्यापुढे नको. हिशेब करताना लोक शिफ्टरच्या दोन्ही बाजू एकत्र धरायला विसरतात. मॉसफेट चालू असताना दोन्हीकडचे पुल-अप एकाच सेन्सरच्या डोक्यावर येतात.

शिफ्टरच्या १० के ला समांतर ३.३ के लावा: २.४८ के. ५ व्होल्टला २ मिलिअँपिअर. सेन्सरच्या बाजूला ५ के समांतर, ०.६६ मिलिअँपिअर. बेरीज २.६८, मर्यादेत. चढायचा वेळ ०.८५ गुणिले २.४८ के गुणिले २५० पिकोफॅरड, म्हणजे अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या थोडा वर. १०० किलोहर्ट्झला भरपूर. २.२ के लावलेत तर बेरीज साडेतीनच्या जवळ जाते, तिथे जायची गरज नाही. हे ३.३ के ऊनोच्या टोकाला ए४ ते ५ व्होल्ट आणि ए५ ते ५ व्होल्ट असे लावा.

दहा मिनिटांनी एक वाचन घ्यायचं तर वेगाचा अट्टहास नको. वायर.सेटक्लॉक(५००००) लिहून मोकळे व्हा.

केबलमधल्या जोड्या कशा वापरता यावर बरंच अवलंबून आहे. एसडीए आणि एससीएल एकाच पिळलेल्या जोडीत कधी टाकू नका. एकाची कड (लो-हाय बदलण्याचा क्षण) दुसऱ्यावर उमटते आणि सेन्सरला खोटा क्लॉक दिसतो. एसडीए एका जोडीत जीएनडीबरोबर, एससीएल दुसऱ्या जोडीत जीएनडीबरोबर, ५ व्होल्ट तिसऱ्या जोडीत जीएनडीबरोबर. चौथी जोडी मोकळी.

---

मीटरवाली

टोकाच्या रेग्युलेटरबद्दल एक महत्त्वाची भर. कोणी हे वाचून शिफ्टर गाळला आणि फक्त रेग्युलेटर लावून तारा सरळ जोडल्या, तर पहिल्या प्रकारापेक्षा जास्त धोका आहे.

कारण असं. साधा रेग्युलेटर प्रवाह देतो, परत घेत नाही. ऊनोच्या आतल्या पुल-अपमधून ५ व्होल्ट निघतात, तारेवरून सेन्सरच्या पट्टीच्या १० के मधून ३.३ च्या रेलवर, म्हणजे पुरवठ्याच्या तारेवर, चढतात. प्रत्येक तारेचे साधारण ३८ मायक्रोअँपिअर, दोन तारांचे ७५. बीएमई२८० सेकंदाला एक मोजणी करताना सरासरी फक्त ३.६ मायक्रोअँपिअर खातो, झोपेत त्याहून कितीतरी कमी. मग उरलेला प्रवाह जाणार कुठे? रेल वर सरकत जाते. तेच ३.३ के चे बाहेरचे पुल-अप ५ व्होल्टला असतील आणि शिफ्टर नसेल, तर आणखी झपाट्याने. बीएमई२८० चा पुरवठा ३.६ पर्यंत चालतो आणि ४.२५ ला त्याची कमाल मर्यादा संपते.

शिफ्टर असेल तर रिकाम्या वेळी मॉसफेट बंद असतो आणि ही वाटच राहत नाही. तरीही टोकाच्या ३.३ वर १० के चा एक रेझिस्टर जमिनीला लावून ठेवा. ३३० मायक्रोअँपिअर जातात, रेल तरंगत नाही.

याच कारणाने बॅटरी वाचवायला सेन्सरचा पुरवठा एखाद्या पिनवरून बंद-चालू करू नका. पुरवठा बंद आणि तारा हाय असतील तर सेन्सर तारांमधून अर्धवट जागा राहतो. बीएमई२८० च्या डेटाशीटमध्ये स्पष्ट इशारा आहे, की व्हीडीडीआयओ बंद असताना इंटरफेसची पिन हाय ठेवली तर चिप कायमची बिघडू शकते. त्याऐवजी फोर्स्ड मोड वापरा: एक मोजणी करून तो आपोआप झोपतो.

---

सरळ_जोडणी

आतल्या पुल-अपचं आणि रेल तरंगण्याचं गणित पटलं. सरळ जोडायचं तर पुल-अप बंद करणं लिहिल्याशिवाय यापुढे कोणाला सुचवणार नाही.

एक विचारतो, ऊनोच का? ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झचा प्रो मिनी घेतला तर चिप तीच, प्रोग्राम तोच, आणि शिफ्टरचा प्रश्नच मिटतो.

---

ओहमचा_नियम

नवीन सुरुवात असती तर मीही तेच सुचवलं असतं. सगळी मंडळी एकाच व्होल्टेजवर असणं हा सर्वांत चांगला शिफ्टर. फक्त ऊनोसारखा १६ मेगाहर्ट्झचा बोर्ड ३.३ वर चालवू नका. डेटाशीटच्या आलेखाप्रमाणे २.७ व्होल्टला १० आणि ४.५ व्होल्टला २० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.३ ला साधारण १३ पर्यंतच हमी. १६ वर बहुतेक वेळा चालतो, आणि ज्या दिवशी चालत नाही त्या दिवशी कारण सापडत नाही. पण इथे ४ मीटर केबल आहे, तिला ५ व्होल्टचा फायदा आहे, आणि ऊनो घेऊन झालेला आहे.

टीएक्सएस०१०८ई चं राहिलं. इथे नको. त्याच्या आतच पुल-अप आहेत, तार खाली असताना ४० के आणि वर असताना ४ के, शिवाय कड चढताना जोर लावणारं सर्किट. जवळच्या तारांवर ते छान वेग देतं. लांब केबलवर कड परतून येते आणि ते सर्किट तिला नवी कड समजून पुन्हा जोर लावतं. बाहेरून दणकट पुल-अप लावले तर त्याचा लोही पुरेसा खाली जात नाही. वापरायचाच असेल तर एकाच बोर्डवर वापरा: व्हीसीसीए ला कमी व्होल्टेज, व्हीसीसीबी ला जास्त, आणि ओई पिन व्हीसीसीए ला बांधा. ओई खाली असेल तर सगळे चॅनेल बंद राहतात. त्याच्यासारखंच नाव असलेला टीएक्सबी०१०८ आयटूसीला अजिबात चालत नाही, तो पुश-पुल, म्हणजे तार वर आणि खाली दोन्हीकडे ढकलणाऱ्या, सिग्नलसाठी आहे.

बीएसएस१३८ ऐवजी २एन७००० लावणारेही भेटतात, कारण तो कुठेही मिळतो. त्याचा थ्रेशोल्ड ३ व्होल्टपर्यंत असू शकतो. गेटला ३.३ देऊन तो पूर्ण चालू होईलच असं नाही.

---

एसपीआय_सखी

डिव्हायडरला इथे नाकारलं ते बरोबर, पण तो टाकून देऊ नका. एसपीआयमध्ये प्रत्येक तार एकाच दिशेची असते आणि तिथे तो चोख काम करतो. बीएमई२८० एसपीआयही बोलतो. ऊनोकडून जाणाऱ्या तीन तारांना, क्लॉक, मोसी (सेन्सरकडे जाणारा डेटा) आणि चिप सिलेक्टला, प्रत्येकी वर १ के, खाली २ के: ३.३३ व्होल्ट. २ के नसेल तर १.८ के आणि ३.३ के लावा, ३.२४ येतात. मिसो (सेन्सरकडून येणारा डेटा) सरळ. एटीमेगाच्या साध्या पिनेला ५ व्होल्टवर ३.० ला हाय दिसतो, आणि हलक्या लोडवर सेन्सर ३.३ च्या जवळ देतो. अंतर कमीच आहे. पक्कं हवं असेल तर मध्ये ७४एचसीटी१२५ ठेवा, ५ व्होल्टवर. एचसीटी जातीला २ व्होल्टलाच हाय दिसतो. एचसीटी म्हणजे एचसीटीच, साधा एचसी नव्हे. वरून खाली आणायला ७४एचसी४०५० चालतो: पुरवठा ३.३, पण इनपुटला १५ व्होल्टपर्यंत सोसतो.

डिव्हायडरला १० के आणि २० के लावायचा मोह होतो, प्रवाह वाचतो म्हणून. तसं केलं तर सिग्नलला ६.७ के चा उगम मिळतो, ३० पिकोफॅरडला तेवढ्यानेच २०० नॅनोसेकंद लागतात. ८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकची अर्धी फेरीच ६२ नॅनोसेकंदांची. १ के, २ के ला हाच वेळ २० नॅनोसेकंद.

उलट्या प्रकारचा बिघाडही माहीत असू द्या. मॅक्स३०१०० च्या काही पट्ट्यांवर पुल-अप १.८ व्होल्टला असतात. त्या चिपच्या आयटूसीच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, पण तार १.८ च्या वर जात नाही आणि ऊनोला कधीच हाय दिसत नाही. तिथे शिफ्टरसुद्धा नीट चालत नाही, कारण १.८ च्या गेटला बीएसएस१३८ काठावर असतो. पट्टीवरचे ते पुल-अप काढून बाहेरून ४.७ के लावावे लागतात.

---

चाळीचा_पहारा

शिफ्टर सेन्सरजवळ, टोकाला एमसीपी१७००, ऊनोकडे ३.३ के, जोड्या सांगितल्या तशा, ५० किलोहर्ट्झ. रात्रभर दर सेकंदाला वाचन घेऊन पाहिलं, एकही चुकलं नाही. सकाळी पंखा बंद केला त्या क्षणी मात्र प्रोग्राम एकदा अडकला.

---

मीटरवाली

पंखा बंद होताना येणारा झटका एखादा क्लॉक खातो. सेन्सर बिट पाठवण्याच्या मध्यावर थांबतो आणि एसडीए खाली धरून बसतो, ऊनो तो सुटायची वाट पाहत राहतो. दोन गोष्टी प्रोग्राममध्ये घाला. एक, वायर.सेटवायरटाइमआउट(२५०००, ट्रू): २५ मिलिसेकंदांनी ऊनो वाट पाहणं सोडतो आणि आपला आयटूसी विभाग रीसेट करतो. तुमच्या वायर लायब्ररीत हे फंक्शन नसेल तर एव्हीआर बोर्डांचं पॅकेज अद्ययावत करा. दोन, त्यानंतरही एसडीए लो दिसला तर वायर.एंड() करून ए५ वर हाताने नऊ क्लॉक द्या. ए५ ला हाय लिहू नका: लो करायचं तेव्हा आउटपुट, सोडायचं तेव्हा इनपुट. सेन्सर उरलेले बिट संपवून तार सोडतो. मग एससीएल हाय असताना एसडीए खालून वर न्या, म्हणजे स्टॉप होतो, आणि वायर.बिगिन() पुन्हा. बिगिन वेग परत १०० किलोहर्ट्झवर आणतं, म्हणून सेटक्लॉकची ओळही पुन्हा लिहा.

आणि मूळ कारणावरही उपाय करा: पंखा रिलेवर असेल तर त्याच्या संपर्कांना समांतर स्नबर (झटका शोषणारी जोडी), १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकसर. कपॅसिटर एक्स२ जातीचाच, मेनच्या व्होल्टेजला साधा चालत नाही. केबल पंख्याच्या वायरीपासून किमान फूटभर लांब न्या, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात.

---

ओहमचा_नियम

सेन्सर डबीत बसवताना धातूच्या टोपीवरचं बारीक छिद्र मोकळं ठेवा. पट्टीवर वार्निश मारणार असाल तर आधी छिद्रावर टेप लावा, वाळल्यावर काढा. ते बुजलं तर आर्द्रता एकाच आकड्यावर अडकून बसते आणि वायरिंगवर संशय जातो. डबीला खालच्या बाजूने भोकं पाडा, वरून नको, आणि रेग्युलेटर सेन्सरपासून तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवा.